घरच्यासारखी

ट्राम वळली तसा दांडीला धरलेला स्वतःचाच हात शुक-हिंगच्या डोळ्यांसमोर आला, आणि जाकिटाच्या बाहीवरचं बटण कुणीतरी लावलंय हे तिला दिसलं. बटण जुनंच होतं. आठवड्यापूर्वी ते एका धाग्यावर लोंबकळत होतं, आणि शिवायला हवं असं मनाशी म्हणून ती ते विसरून गेली होती. आता ते घट्ट बसलं होतं, दोराही जाकिटाला शोभेल असा नेमका करडा. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? ट्राम थांबली, माणसं उतरली, खारवलेल्या मासळीच्या टोपल्या घेतलेली एक बाई तिच्या पायावर पाय देऊन गेली, तरी तिची नजर त्या बटणावरून हलेना. हे कधी झालं? आपण झोपलेलो असताना, की आंघोळ करत असताना? आणि मग एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या. सकाळी पेजेचा वाडगा पुढ्यात येतो तो तोंडाला लावता येईल इतका निवलेला असतो. छत्री दाराशी वाळत असते. आपल्या कंगव्यात अडकलेले स्वतःचे गळालेले केस तिने शेवटचे कधी पाहिले होते? पूर्वी रोज सकाळी ते बोटांनी ओढून काढावे लागत, त्यांचा तो तेलकट स्पर्श तिला किळसवाणा वाटे. कितीतरी महिने कंगवा स्वच्छच होता, आणि केस गळायचे थांबलेत असं काहीसं ती, विचार न करता, धरून चालली होती.

आ-चिउ. दुसरं कोण असणार?

शुक-हिंगची नोकरी लोकांच्या घरांत जाण्याची होती. या बंदरात पिढ्यान् पिढ्या गरिबाघरच्या पोरी लहानपणीच विकत घेऊन घरकामाला ठेवत आणि त्यांना मुई-त्साय म्हणत. म्हणजे धाकटी बहीण. मग इंग्रज सरकारने कायदा केला. यापुढे पोरी विकत घ्यायच्या नाहीत, घरात आधीच्या असतील त्यांची नोंद करायची, त्यांना पगार द्यायचा, मारायचं नाही, आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की जाऊ द्यायचं. कायदा पाळला जातो की नाही हे बघायला चारपाच बायका नेमल्या, त्यांत ती आणि हुई बाई. दोघी मिशनच्या शाळेत शिकलेल्या, दोघींच्या पायात जाड टाचेचे बूट. घरात गेलं की मालकिणीला बाहेर बसवायचं, पोरीला एकटीला स्वयंपाकघरात न्यायचं, हात उलटेपालटे करून पाहायचे, कुठे झोपतेस ते दाखव म्हणायचं. बाहेर बसलेली मालकीण चहा पुढे करायची आणि चहाबरोबर ते वाक्य यायचंच : नोकर कुठली हो, घरच्यासारखीच आहे ती. हुई बाई जिना चढताना पैज लावायची. “आज चहाच्या आधी की नंतर?” शुक-हिंग म्हणायची, “नंतर. ही बाई साखर जास्त घालणाऱ्यांतली दिसते.” आणि वाक्य आलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत, बघितलं तर हसू आलं असतं. ते हसणं आता ट्राममध्ये तिला आठवलं, आणि ते आपण कुणाला हसत होतो हे तिला नीट सांगता येईना.

आ-चिउ मोकांच्या घरातली. टेकडीवरचं मोठं घर, तीन बायका, नोकरचाकर. मोक बाईसाहेब वाईट नव्हत्या. पोरीच्या अंगावर कधी वळ दिसला नाही, हिवाळ्यात रजई असायची. तिचं पूर्ण नाव चिउ-ताय, म्हणजे भावाला बोलावणारी; हिच्या पाठीवर मुलगा यावा म्हणून ठेवलेलं. मुलगा झाला की नाही तिला ठाऊक नव्हतं, त्याआधीच तिला विकलं होतं. दर खेपेला तिचा हात हातात घेऊन शुक-हिंग सांगायची, “अठरा पूर्ण झाली की तू मोकळी. कुठेही जा. कुणी अडवलं तर मला सांग.” पोरगी मान हलवायची. आपण काहीतरी देतोय असं शुक-हिंगला तेव्हा वाटायचं, घट्ट, गरम, मुठीत मावेल असं काहीतरी. आणि मग गेल्या वसंतात एका रविवारी आ-चिउ तिच्या घराच्या जिन्यात उभी होती, पाठीशी गाठोडं, हातात मोक बाईसाहेबांनी दिलेली नवी छत्री. “झाली अठरा,” ती म्हणाली.

“अगं, मग?”

“तुम्हीच म्हणायचात ना बाई, कुठेही जा म्हणून. म्हणून इथे आले.”

सोमवारी कचेरीतून तिच्या घरच्यांबद्दल विचारणा झाली. तिचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, तिकडून उत्तर आलं नाही. पुढे जपानी आले, कँटन पडलं, आणि उत्तराची वाट बघणं संपलंच. निराधार बायकांच्या आश्रमात पाठवता आलं असतं, तिथे चांगलं स्थळ बघून लग्नं लावून देत. आ-चिउ म्हणाली, लग्न नको. ती आली त्याच सुमाराला बाबांना झटका येऊन त्यांचं उजवं अंग लुळं पडलेलं. आई जाऊन वर्षं झालेली, शुक-हिंग बिनलग्नाची, दिवसभर बाहेर. बाबांच्या तोंडातली पेज गळ्यावरून ओघळून वाळायची आणि ती परत आली की तसेच बसलेले असायचे, खिडकीकडे तोंड करून. चार दिवस राहू दे, शुक-हिंग म्हणाली. काम मिळेपर्यंत. पहिल्याच संध्याकाळी आ-चिउने बाबांच्या हनुवटीखाली फडकं बांधलं आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात देऊन, स्वतःचा हात त्यावर ठेवून, त्यांचं त्यांना खाऊ दिलं. बाबा आयुष्यभर सुक्या मासळीच्या पेढीवर मुनीम होते, कुणाची मदत घेणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते वाकड्या तोंडाने हसले. “ही पोरगी सरकारपेक्षा शहाणी आहे,” ते शुक-हिंगला म्हणाले. चार दिवसांचं कधी काय झालं ते तिला आता आठवेना. शहरात कँटनकडून माणसांचे लोंढे आले, फुटपाथवर चटया पसरून संसार मांडले गेले, पोरी एका वाडग्यासाठी काम करायला तयार होत्या. अशात कुठे पाठवायची हिला? हे तिने स्वतःला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. खरं असण्याचाच तर त्रास होता.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर ती जेवणाची वाट बघत बसली नाही, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आ-चिउ चुलीपाशी उकिडवी बसून मुळा चिरत होती. तिचे हात शुक-हिंगने पाहिले, नजर आपोआपच तिकडे गेली, सवयीने : बोटांच्या सांध्यांवर थंडीने फुटलेल्या भेगा. मोकांच्या घरी या भेगा असत्या तर तिने मोक बाईसाहेबांना विचारलं असतं, गरम पाणी देता की नाही. आणि झोपायला कुठे? बाबांच्या खोलीत, दोन बाकं जोडून. ते तर बाबांना रात्री काही लागलं तर म्हणून. तर म्हणून, हाही त्या मालकिणींचाच शब्द होता. तिला वाटलं, आपण आपल्याच घरात पाहणीला आलोय आणि मालकीण कुठे बाहेर गेलीय, ती आता येईल.

जेवताना तिने विषय काढला. “आ-चिउ, या महिन्यापासून तुझा पगार देणार आहे मी. मागचाही हिशेब करू.”

आ-चिउने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “काही चुकलं का माझं?”

“चुकलं नाही गं. कामाचा पगार असतो.”

“म्हणजे आता मी मोलकरीण?”

बाबा घास तोंडात घोळवत होते. तो गिळून ते म्हणाले, “सरकार कचेरीत ठेवून यावं माणसाने. बुटांबरोबर दाराबाहेर.”

“बाबा, तुम्ही मधे पडू नका.”

“मी कुठे पडतोय, मला एका जागी बसवलंय. पोरी, ही तुला पगार देणार, मग तू मला मालक म्हणशील. मला मालक म्हणालीस तर मी तुला रागवेन. रागवायला मला येत नाही, तोंड वाकडं आहे.”

आ-चिउ हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले होते की चुलीच्या धुराने लाल झाले होते ते कळलं नाही. “नको मला,” ती म्हणाली, “इथे मी आहे तशी बरी आहे.” आणि शुक-हिंगला हायसं वाटलं. छातीवरची पट्टी सैल करावी तसं. लगेच पाठोपाठ ती दचकली, कारण हे हायसं वाटणं तिच्या ओळखीचं होतं : ज्या मालकिणी तोंडभरून सांगायच्या, आम्ही देतो हो पगार, तीच घेत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर तिने हेच पाहिलं होतं, आणि त्यांना तिने मनातल्या मनात खोटारड्या ठरवलं होतं. त्या खोटं बोलत नसतील. बहुतेक एकही बोलत नसेल. हा विचार इतका नको असलेला होता की ती उठून वाडगे गोळा करायला लागली, पण तोवर आ-चिउने ते उचललेही होते.

पुढचे काही दिवस तिला झोप येईना, आणि दिवसा कामात चुका व्हायला लागल्या. घरांत जाऊन ती प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकायचंच विसरायची. एका घरात पोरीने मान खाली घालून, जेवायला मिळतं, म्हटलं, आणि शुक-हिंगने विचारलं, “तुझ्या बाईच्या जाकिटाची बटणं कोण लावतं?” पोरगी गोंधळून बघत राहिली. हुई बाईने परतताना तिच्या कोपराला धरलं. “बरं नाही का तुला?” हुई बाई तिच्याहून थोरली, चार मुलांची आई, नवऱ्याचा छापखाना बुडाल्यावर नोकरीला लागलेली, कशालाही फारसं न दचकणारी. शुक-हिंग म्हणाली, “काही नाही, बाबांचं चाललंय.” सांगायचं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? माझ्या घरात एक मुलगी आहे, मी तिला मोकळी केली आणि ती मोकळी होऊन माझ्याकडे आली, आणि आता ती माझे केस कंगव्यातून काढते.

शनिवारी दुपारी जिन्यावर जाड टाचांचे बूट वाजले. तो आवाज शुक-हिंगने आयुष्यात कधी घरात बसून ऐकला नव्हता. तो नेहमी तिच्या स्वतःच्या पायाखालून येत असे. चढणारी पावलं सावकाश, प्रत्येक मजल्यावर जरा थांबणारी. दार वाजायच्या आधीच तिला कळलं होतं.

“तक्रार आलीय,” हुई बाई दारातच म्हणाली. तिने टोपी काढली नव्हती. “कुणी केली ते विचारू नकोस.”

“तळमजल्यावरची लो काकू. तिच्या सुनेला दंड झाला होता मागच्या वर्षी, माझ्यामुळे.”

“मी म्हटलं ना, विचारू नकोस. दुसरी कुणी येणार होती, मी म्हटलं मी जाते.” ती आत आली, बाबांना वाकून नमस्कार केला. “काका, तब्येत काय म्हणते?”

“तब्येत काही म्हणत नाही, तुम्हीच लोक बोलता सगळं,” बाबा म्हणाले. “चहा घ्या. पोरी, चहा.”

आ-चिउने चहा आणला. हुई बाईने कप दोन्ही हातांनी घेतला आणि घेताना तिची नजर आ-चिउच्या बोटांवरून फिरली, न थांबता, पण फिरली. शुक-हिंगला ती नजर आतून ठाऊक होती, ती किती वेळ फिरते आणि कुठे अडते ते. तिला बोलणं भाग पडल्यासारखं झालं. ती सांगायला लागली, कँटन पडलं तेव्हाचं, लोंढ्यांचं, आश्रमात ही जायला तयार नव्हती त्याचं, बाबांचं. पगाराचं मी स्वतः बोलले, तीच नाही म्हणाली, बाबांना विचार हवं तर. आपला आवाज उंच आणि गोड झालाय हे तिला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. “नोकर म्हणून नाही ठेवली गं तिला,” ती म्हणाली, “ती आम्हाला घरच्यासारखीच—”

वाक्य पुरं झालं नाही, पण पुरं व्हायची गरजही नव्हती. हुई बाई हसली नाही. तिने चहाच्या कपात पाहिलं, त्यात जणू एखादी काडी पडली होती. मग कप खाली ठेवून उठली. “चल पोरी,” ती आ-चिउला म्हणाली, “आपण जरा आत बोलू.”

स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती, वरून हातभर उघडी. शुक-हिंग खुर्चीवर बसून राहिली. या बाजूला बसल्यावर काय वाटतं ते इतक्या घरांत जाऊनही तिला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे आपलं सगळं आयुष्य कुणीतरी ओंजळीत धरून उभं आहे आणि ती ओंजळ आपल्याला दिसत नाही. आ-चिउ खरं सांगेल का? आणि तिने खरं सांगावं असं आपल्याला वाटतं का? नोकरी जाईल, नाव कागदात येईल, लो काकू जिन्यात थुंकेल. बाबा डाव्या हाताने गुडघ्यावर ताल धरल्यासारखे काहीतरी करत होते.

“जेवायला मिळतं,” पलीकडून आ-चिउचा आवाज आला. स्पष्ट, एका पट्टीतला. “पोटभर. मारत नाहीत. रजई आहे. पगार मिळतो.”

“किती?”

आ-चिउने आकडा सांगितला. कायद्यात होता तोच. “बाई माझ्या नावाने ठेवतात. मी मुलीसारखी आहे इथे.”

असा आवाज शुक-हिंगने शेकडो वेळा ऐकला होता. हा पढवलेला आवाज. तो ऐकला की ती मनात खूण करायची : इथे पुन्हा यायला हवं. पण या मुलीला कुणी पढवलं होतं? तिने तर काहीच सांगितलं नव्हतं. मग हे मायेने बोलली की भीतीने? की मोकांच्या घरी वर्षानुवर्षं आपणच दर खेपेला विचारून विचारून, नकळत, ही उत्तरं तिच्याकडून पाठ करून घेतली? शुक-हिंग त्या उघड्या फटीकडे बघत बसली. आत पाणी उकळल्याचा आवाज येत होता आणि कुणी झाकण उचलत नव्हतं.

हुई बाई निघाली. दारात ती इतकंच म्हणाली, “झालं माझं.” शुक-हिंगने दार लावून घेतलं, आणि मग ते उघडून पायांत काही न घालता जिना उतरत गेली. दुसऱ्या मजल्यावर तिने तिला गाठलं. “ती खोटं बोलली. पगार मी देत नाही. एक पैसा दिला नाही.”

“मला कळलं ते. इतकी वर्षं काय गवत उपटलं का मी?”

“मग तसं लिही.”

“लिहिते. आणि मग काय? ती पोलिसांच्या गाडीतून आश्रमात जाईल, तू घरी बसशील, काकांच्या हनुवटीवर पेज वाळेल. तुझ्या जागेवर साहेब आपल्या ओळखीतली कुणी आणून बसवेल, जी मालकिणींचे चहा पिऊन परत येईल.” हुई बाई कठड्याला टेकली, तिला धाप लागली होती. “मी तुला वाचवत नाहीये, समजू नकोस तसं. मला रागच आलाय तुझा. पण वर जा आणि तिला काय हवंय ते विचार. इतके प्रश्न विचारतो आपण, हा एक कधी विचारला का?”

तळमजल्यावर लो काकूचं दार बोटभर उघडं होतं. हुई बाईने जाता जाता ते हळूच ओढून लावलं.

शुक-हिंग वर आली. आ-चिउ कप विसळत होती. विचारायचं म्हणजे साधं होतं, तरी जणू ती भाषाच दुसरी होती. शेवटी ती म्हणाली, “तुला काय करायचंय, आ-चिउ? खरं सांग. माझ्यासाठी नको.”

आ-चिउने हातातला कप उपडा ठेवला. मग म्हणाली, “शाम-शुई-पोला बुटांचा कारखाना आहे. कॅनव्हासचे, रबरी तळाचे. समोरच्या इमारतीतली आ-ग्वान जाते. तिच्या खोलीत एक फळी रिकामी आहे झोपायला. पण जामीन लागतो कुणाचातरी.”

“कधीपासून आहे हे मनात?”

“थंडी पडायला लागली तेव्हापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस? मी नाही म्हटलं असतं का?”

“तुम्ही नाही म्हटलं नसतं बाई.” आ-चिउने फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं. “मोक बाईसाहेबही नाही म्हणाल्या नव्हत्या. मी जाते म्हटल्यावर त्या नुसत्या रडल्या. म्हणून मला दोन महिने जास्त राहावं लागलं तिथे. तुम्ही रडला असतात तर मला जाताच आलं नसतं.”

शुक-हिंग रडली नाही. आता रडणं म्हणजे काय होईल ते तिला समजलं होतं, आणि डोळे कोरडे ठेवायला इतके कष्ट पडतात हे तिला प्रथमच कळत होतं. नववर्षाचा सण झाल्यावर तिने जामीन म्हणून सही केली. मागचा सगळा पगार एका लाल पाकिटात घालून दिला; आ-चिउने तो दोन्ही हातांनी घेतला, न उघडता. बाबा त्या दिवशी सकाळपासून झोपल्याचं सोंग करून पडले होते. आ-चिउ त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. ते डोळे मिटूनच म्हणाले, “जा जा. बूट बनव. माझ्या एका पायाला एकच लागेल, स्वस्तात दे.”

तिच्या जागी रीतसर पगारावर एक विधवा बाई आली. ती दर पंधरा दिवसांनी सुट्टी घ्यायची, बाबांना ‘म्हातारबा’ म्हणायची, त्यांच्याशी भांडायची, आणि भांडणात हरायची नाही. जाकिटाची बटणं तिने लावली नाहीत. शुक-हिंगला सकाळी कंगव्यात केस दिसायला लागले, ते ती बोटांनी ओढून काढायची. हे सगळं बरोबर आहे, ती स्वतःला सांगायची, हे असंच असायला हवं. पण घर गार वाटायचं. या गारठ्याची तिला लाज वाटायची, म्हणून ती जास्त काम करायची. कचेरीने त्या उन्हाळ्यात कारखान्यांचीही पाहणी सुरू केली. बायका आणि पोरी किती तास काम करतात, हवा-उजेड आहे का. शाम-शुई-पो तिच्या वाट्याला आलं तेव्हा बदलून घेता आलं असतं. तिने घेतलं नाही.

कारखाना तिसऱ्या मजल्यावर होता. जिन्यातच रबराच्या डिंकाचा वास घशात बसला, गोडसर, रॉकेलसारखा, डोळ्यांच्या मागे जाऊन दुखणारा. आत लांब बाकांवर बायका दाटीने बसून ब्रशने तळांना डिंक लावत होत्या, आणि खिडक्यांतून ऊन येत होतं पण वारा नव्हता. सीट नावाचा मुकादम तिच्या मागे मागे फिरत होता, पंख्याने स्वतःलाच वारा घालत. ती एकेकीला विचारत गेली. बरं चाललंय, मॅडम. काही त्रास नाही, मॅडम. पोटभर मिळतं, मॅडम. पोटाचं तिने विचारलंच नव्हतं. तोच एका पट्टीतला आवाज एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत होता, आणि रांगेच्या टोकाला, कपाळाला फडकं बांधून, चिउ-ताय बसली होती. ती वाळली होती. बोटांवर डिंकाचा काळा थर चढला होता. तिच्याकडे न जाता वळता येईल का, असं शुक-हिंगला वाटून गेलं. तिचंही तेच उत्तर आलं तर ते ऐकण्याची ताकद आपल्यात नाही. पण ती गेली, आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, “नाव?”

“लेउंग चिउ-ताय.”

“काही तक्रार?”

ब्रश थांबला नाही. “आहे,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण त्या पट्टीतला नव्हता. “हवा नाही. खिडक्यांना खिळे मारलेत. वासाने डोकं फिरतं, परवा आ-ग्वान पडली, तिचं कपाळ फुटलं. खिडक्या उघडा म्हटलं तर दंड कापतात.”

बाकावरच्या सगळ्या ब्रशांचा आवाज एकदम हलका झाला. सीट मुकादम पुढे आला. “चोऱ्या होतात हो, मॅडम. पोरी बुटांचे जोड खिडकीतून खाली टाकतात, खाली भाऊबंद उभे. आणि ही नवीन आहे, हिला काय कळतंय. नाव काय म्हणालीस गं?”

नाव त्याने ऐकलं होतं. शुक-हिंगच्या डोक्यात सगळं भराभर फिरायला लागलं. आपण जाऊन लिहिणार, साहेब वाचणार, सूचना निघणार, उत्तराला मुदत मिळणार, तोवर ही पोरगी उद्याच रस्त्यावर. अख्ख्या नोकरीत तिने हेच केलं होतं, पाहिलं आणि बाहेर जाऊन लिहिलं. पहिल्यांदा ही मुलगी तिच्यापाशी खरं बोलली होती. आणि खरं बोलण्याची किंमत तिलाच द्यावी लागणार होती.

“हातोडी आणा,” ती म्हणाली.

“मॅडम?”

“खिळे काढायचेत. आत्ता.”

“मालकांना विचारावं लागेल. ते जेवायला गेलेत.”

“विचारा. मी थांबते.”

असा हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे तिला नक्की माहीत नव्हतं; बहुतेक नसावा. मुकादम दाराशी गेला, तिथल्या पोऱ्याला काहीतरी पुटपुटला, आणि तिथेच उभा राहून बायकांच्या तोंडांकडे बघू लागला, कोण मान वर करतं ते. हातोडी येणार नव्हती. हे तिला कळत होतं, बायकांनाही कळत होतं. घाम तिच्या पाठीवरून ओघळत होता आणि घशात तो गोड वास साचत होता. मग तिने जवळच्या बाकावरचा कॅनव्हास ताणायचा लोखंडी चिमटा उचलला, खिडकीशी गेली आणि चौकटीतल्या खिळ्याचं डोकं त्यात पकडलं. चिमटा सटकला. पुन्हा पकडला, ओढला. लाकूड कुरकुरलं, गंजाची भुकटी तिच्या मनगटावर पडली, तळव्याचं कातडं सोललं. खिळा हलला नाही. मागे मुकादम पावलं टाकत येत होता. तिने दोन्ही हातांनी पुन्हा जोर लावला.

“डावीकडे पिळा, बाई. मग ओढा,” मागून बाकावरून कुणीतरी म्हणालं.

कोण बोललं ते मुकादमाला कळू नये म्हणून तिने मान वळवली नाही. तिने चिमटा डावीकडे पिळला.